आधी सुई कुणाला?

पेणच्या दवाखान्यातून टीबीच्या गोळ्या घेऊन आसावरीबाई निघाल्या होत्या. एचआयव्हीची तपासणी राहिली होती, पण ती त्यांना टाळायचीच होती. तेवढ्यात दाराजवळच्या बाकावर मिठागरात काम करणाऱ्या नवरा-बायकोची जुंपली आणि बाईंचा पाय निघेना.

“टीबी झालाय ना मना?” नवरा कुरकुरला. “मग ती एचआयव्हीची तपासणी कशाला?”

“डॉक्टर म्हणतात, टीबीवाल्या सगळ्यांचीच करतात.”

“गावात कळलं तर लोक म्हणतील, काळुराम बाहेरख्याली!”

“तुम्ही? अवो, लग्नात लाजून हार भटजींच्या गळ्यात घातलात!”

“हळू बोल गो सगुणा, लोक हसतात.”

“हसू दे. आन् गावात सांगायला दवाखानेवाले काय भोंगा लावून फिरतात?”

“पण काय निघालंच तर?”

“तर गोळ्या हायत. मीबी हाय. चला, आधी माझं रक्त देते.”

“तू नको गो! सुई बघून आख्खं पेण गोळा करशील. मीच जातो आधी.”

तोंडाला पदर लावून आसावरीबाई हसत होत्या. सगुणा वळली.

“बाई, तुम्हीबी लायनीत काय?”

“हो,” त्या म्हणाल्या, “तुमच्याच मागे.”