कड्यावरची शेळी

लिंबागणेशच्या पुढचा तो उंच कडा बघितलाय ना तुम्ही? दुष्काळाच्या साली मी दोर घेऊन तिथं चढायला गेलतो, तर वनरक्षकानं अडवलं. "राखीव जंगल हाय. चढायला बंदी हाय."

मी माघारी वळणार, तेवढ्यात शेळ्या राखणारी गयाबाई रडत आली. सोसायटीच्या चारा छावणीत फक्त गाई-बैल घेत होते, म्हणून ती शेळ्या घेऊन रानात फिरायची. हिरव्या पाल्यापायी त्यातली एक शेळी कड्याच्या कपारीत जाऊन अडकली होती.

"साहेब, एवढी एकच दुभती हाय वो!"

वनरक्षक माझ्या दोराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जावा. शेळी घेऊन लगेच खाली या."

मी चढलो. शेळीच्या अलीकडंच एका कपारीत पाणी झिरपत होतं, शेवाळ गार होतं. कित्येक महिन्यांनी ओल्या मातीचा वास आला. खालचं करपलेलं रान कुठंतरी लांब तरंगत होतं. मी पाय सोडून बसलो, डोळे मिटले आणि शेळीला पार विसरलो.

खालून हाक ऐकून दचकलो. शेळी पलीकडच्या उतारानं आपली आपण उतरली होती, आणि गयाबाई तिला कवटाळून उभी होती.

"दादा, शेळी आली! आता तुमाला उतरवायला कुनाला धाडू?"