साडूचा सुरा

जळफळाट म्हणजे काय ते मला विचारा. माझा साडू दत्ताराम परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर नोकरीला होता, त्यामुळे सासरी त्याचं केवढं कौतुक. एका दिवाळीला तो विलायती सुरा घेऊन आगरदांड्याला सासऱ्यांकडे आला. शिंगाची मूठ, चामड्याचं म्यान. सासरे दिवसभर तो सुराच न्याहाळत बसले, आणि मला फराळ गोड लागेना.

परतताना मी अलिबागला लोहार गाठला. म्हटलं, "मिटणारा चाकू नको. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं पाहिजे, आणि ओल्या हातातून निसटता कामा नये." त्यानं दाखवलेले बरेच सुरे मी नाकारले आणि शेवटी एक घेतला. दिसायला अगदी साधा.

शिमग्याला सासरे, दत्ताराम आणि मी शिडाच्या होडीनं दिघीला निघालो. खाडीत वारा फिरला, शिडाचा दोर दत्तारामच्या पायात गुंतला आणि होडी कलंडायला लागली. त्यानं सुरा काढून दोरावर घातला, तर पातंच मुठीतून निखळलं. मग मी माझा सुरा काढला आणि एका घावात दोर तोडला.

किनाऱ्याला लागल्यावर सासऱ्यांनी माझा सुरा मागून घेतला, अंगठ्यानं धार पाहिली. आता आपलं कौतुक होणार म्हणून मी छाती काढून उभा राहिलो.

"दत्ताराम, हा तुम्ही घेऊन जा," सासरे म्हणाले. "तुमचा जीव समुद्रावर. यांचं काय, हे घरीच असतात."