बावीस घरांचा पुरवठा

दाताच्या दवाखान्यात माझा नंबर नववा होता. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. माझी दाढ दुखत होती, कान मात्र ठणठणीत होते.

"वहिनी, डॉक्टर बोलावतील. त्याआधी पाणीवाटपाच्या बैठकीचं सांगा."

"पाणीखात्याचे साहेब म्हणाले, तुमच्या वस्तीला भरपूर पाणी जातं, मीटर फिरतंय."

"अहो, ते वाऱ्याने फिरतं! नळातून तासभर नुसती हवाच सुटते."

"तेच म्हटलं, वन्सं. तर म्हणाले, पुरावा द्या."

"मग?"

"पिशवीतून बावीस फुगे काढले. घरटी एक, ज्याच्या-त्याच्या नळावर फुगवलेला."

"अगं बाई! भर बैठकीत?"

"एकेक टेबलावर मांडला. म्हटलं, हा शिंप्याच्या घरचा पुरवठा, हा मास्तरांचा. मोजून घ्या."

"साहेब चिडले असतील."

"एक फुगा त्यांच्या नकाशावरच फुटला. थेंबभरही पाणी सांडलं नाही. मग मात्र त्यांनी वाटपाचा कागद पुढे ओढला."

"आणि वाटप?"

"बदललं! आता टाकीतलं पहिलं पाणी शेवटच्या टोकाला, म्हणजे आपल्याला. साहेबांच्या कॉलनीला आपल्यानंतर. आज सकाळी सगळ्यांची पिंपं काठोकाठ भरली."

"जिंकलात, वहिनी! पण तुमची ही दाढ कशाने हलली?"

"हळू बोला. बाविसावं घर आपलं. आपल्या नळाला तर हवासुद्धा येत नव्हती. तो फुगा मी तोंडाने फुगवला."

"साहेबांना कळलं नाही?"

"तोच हातात घेऊन म्हणाले, या घराला दाब उत्तम आहे."