वर्णपटाच्या खोलीवरचा लाल दिवा

जबाब देणार: हाकेचे नाव भिंगरी, वय २२, शिक्षण चौथी, काम प्रयोगशाळेत मदतनीस, राहणार काचशाळेमागची खोली, मामांसोबत.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी घरापासून लांब इथे कामाला आहे. मला मामांनी आणले. माझा पाय एका जागी ठरत नाही, म्हणून घरच्यांनी त्यांच्या गळ्यात घातले. मामा याच प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या फुंकतात. भट्टीपुढे बसून बसून त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे. काम उजव्यावर चालते.

आमच्याकडे धातूंच्या ऑक्साइडच्या गुच्छ-संयुगांची, म्हणजे ज्यांत अणू घोसासारखे जुळलेले असतात त्यांची, पूड बनवतात. तिच्यावर लेझरचा झोत टाकून वर्णपट घेतात. मग ती मामांच्या नळीत भरून तापवतात, वायू सोडतात आणि उत्प्रेरक म्हणून कशी चालते ते बघतात.

लेझर सुरू असला की वर्णपटाच्या खोलीच्या दाराबाहेरचा लाल दिवा लावायचा आणि कोणी आत जायचे नाही, असा नियम आहे. पण लोक उगाच डोकावतात म्हणून प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी तो दिवा कायम चालू ठेवायला लावला. दुपारी सर आत डुलकी काढतात. मामा म्हणायचे, "चल रे, लेझर कसला, सरांची झोप चालू आहे."

काल जेवणानंतर मामा नवी नळी घेऊन आत गेले. मी मागे होतो. संशोधक ताई नमुना बदलत होत्या, यंत्राचे झाकण उघडे होते. कुठे तडा आहे का हे बघायला मामांनी नळी नेहमीसारखी उजव्या डोळ्याशी धरली. ताई ओरडल्या, "मामा, खाली!" तोवर झोत नळीतून डोळ्यात गेला होता. मामा म्हणाले, "काही नाही गं, जरा चमकलं." मग ते दार समजून कपाटाकडे चालत गेले.

दवाखान्यात कार्यालयाचे बाबू आले. म्हणाले, "दिवा लागलेला होता ना? मग तेवढंच सांग. तोंड फार चालवू नकोस." चूक मामांची ठरली तर दवाखान्याचा खर्च आमच्या अंगावर येईल आणि खोलीही जाईल.

आज सकाळी मी मामांना पाणी दिले. त्यांनी ग्लास सवयीने डोळ्यासमोर धरला, फिरवला आणि न पिता खाली ठेवला.

दिवा लागलेला होता. तो रोजच लागलेला असतो.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. दिव्याबद्दलची शेवटची दोन वाक्ये सोबतच ठेवावीत. त्यातले एकच ठेवायचे असेल, तर खालची सही माझी नाही.