आधी कागद, मग बांगडी

माझं नाव अनुसया, जातीची कासारीन, माहेर आगाशीचं. लगीन होऊन मनवेलपाड्याला आली तेव्हा इथं या बिल्डिंगी नव्हत्या, भाताची खाचरं होती आनि चार-दोन चाळी, आनि सासूनं दुसऱ्याच दिवशी डोक्यावर बांगड्यांची पाटी ठेवली, म्हनाली, चल, हात दाबायला शीक. हात दाबनं म्हनजे काय, बाईचा हात असा आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं मास हळूहळू दाबून मऊ करायचं, तिच्याशी बोलत राहायचं, ती बोलन्यात गुंतली की हात ढिला पडतो आनि बांगडी न दुखता वर चढते. म्हनून बाया आमच्याजवळ बोलतात. नवऱ्याला नाय सांगनार, आईला नाय सांगनार, ते कासारनीला सांगतील. विरारपासून तुळिंजपर्यंत, आनि तिकडं वटारला किरिस्तावांच्या घरी पन, लगीन म्हटलं की मी असायचीच. तुमी लिहा खुशाल की ही बाई भांडकुदळ आहे. खरं आहे ते. पन का झाली ते पन लिहा.

काय सांगू तुमाला, माझी पयली दोन पोरं मेलेलीच जन्माला आली. सासू म्हनाली, हिचं पोटच वाईट. शेजारनी ओटी भरायला बोलवेनात, आनि मी तर कासारीन, गावातल्या सगळ्या गर्भारशींच्या हातात हिरव्या बांगड्या घालनारी. तिसऱ्या वेळेला दवाखान्यात सिसिलबाई भेटल्या, वटारच्या, सरकारी नर्स, अंगानं बारीक पन आवाज रस्त्यापर्यंत जायचा. त्यांनी माझं रक्त घेतलं आनि मग म्हनाल्या, नवऱ्याला घेऊन ये. मी म्हनलं, पोरं माझी मरतात, त्याला कशाला. त्या म्हनाल्या, घेऊन ये म्हटलं ना. तर त्याच्या रक्तात गरमी, बाहेरच्या बाईकडं गेल्यावर लागतो तो रोग. बांगड्यांचा माल आनायला मुंबईला जायचा, मुक्काम करायचा, तिकडून आनली, मला दिली, माझ्याकडून पोटातल्या पोरांना गेली. दोघांना सुया टोचल्या, मग माझी मुलगी जगली, ती बघा आत भाकऱ्या थापते ती. आनि नवरा मेलेला नाय हो, तो काय कोपऱ्यात बसलाय मान खाली घालून. ऐकू दे. सिसिलबाईंनी एकदा मला विचारलं, माफ केलंस का गं त्याला? मी म्हनलं, नाय, पन जेवायला घालते.

तेव्हापासून सिसिलबाई आनि मी. त्यांना पोरांशी बोलायचं होतं, लग्नाच्या वयाच्या पोरांशी, मुंबईला कामाला जानाऱ्या, पन नुकती ती आनीबानी होऊन गेलेली, नसबंदीवाल्यांनी बाप्यांना इतकं घाबरवलेलं की नर्स दिसली की पोरं मिठागराकडं पळायची. पांढरी साडी बघून म्हातारे पन ओटा सोडून आत. मग त्या मला म्हनाल्या, अनुसया, मला कोनी घरात घेत नाय, तुला घेतात, तू सांग. काय सांगायचं ते त्यांनी मला पाठ करून घेतलं. जखम होते, ती दुखत नाय, काय दिवसांनी आपोआप बुजते, पोराला वाटतं आपन बरे झालो, पन रोग गेलेला नसतो, रक्तात बसलेला असतो. सुईनं बरा होतो. एकाला सुई देऊन भागत नाय, दोघांना द्यावी लागते. आनि होऊच नये म्हनून निरोधची पाकिटं, ती मी पाटीत बांगड्यांच्या खाली ठेवायची. मी बायांना हात दाबता दाबता सगळं सांगायची. बाया ऐकायच्या, हसायच्या, आनि घरी जाऊन गप. त्यांचं घरात चालतंय कुठं.

आता यमुनेचं सांगते. आमच्याच पाड्यातली, शेतकऱ्याची पोर, एकवीस वर्षांची, सातवी शिकलेली. माघातलं लगीन, पोरगा तुळिंजचा, दामू, मुंबईला गोदीत कामाला. लग्नात दोन्ही घरच्या बायांचे हात मीच भरनार, म्हनून आदल्या दिवशी तुळिंजला गेली, दामूच्या आईचा हात घेतला, दाबायला लागली, आनि ती बाई बोलता बोलता बोलून गेली की पोराला जरा उष्नता झाली होती, जखम होती तशी जागेवर, वैदूनं पाला दिला, आता बुजलीय, आनि राहिली असेल तर लगीन झालं की उतरेल, कोऱ्या पोरीशी लगीन केलं की उतरतेच ना. माझा हात थांबला. मी म्हनलं, अहो बाई, उतरत नाय, तिच्यात चढते. पोराला उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या, चार दिवस लगीन पुढं ढकला. तिनं हात ओढून घेतला, दोन बांगड्या फुटल्या, म्हनाली, तू बांगड्या भर, आमच्या घराचा न्याय करू नको.

दुसऱ्या दिवशी यमुनेच्या दारात मांडव, शंभर बाया, धवलारीन लग्नाची गानी गात होती. यमुना पाटावर बसली, हात पुढं केला. मी तो घेतला, आनि खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढं माझी दोन पोरं आली. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आनि होतं ते सगळं सांगितलं. मग तिचा हात तिच्या मांडीवर ठेवला आनि मोठ्यानं म्हनलं, नाय भरत. नवरामुलाचं रक्त तपासून कागद आना, आधी कागद, मग बांगडी.

अगो, काय तो गलका. धवलारनीचं गानं बंद. कासारीन चुडा भरायला नाय म्हनते, असला अपशकुन कोनी बघितला नव्हता. यमुनेचा बाप धावून आला, म्हनाला, हिची पाटी फेका रस्त्यावर, दुसरी कासारीन आना. पाटी फेकली पन, काचा कितीतरी दिवस तिथं पडल्या होत्या. दुसरी आली, बसली, यमुनेचा हात धरला. आनि यमुनेनं मूठ आवळली. तुमाला सांगते, आवळलेल्या मुठीवरनं बांगडी चढत नाय, कोनाच्या बापाला चढवता येत नाय. ती बिचारी दाबते, दाबते, घामाघूम झाली. बाप म्हनाला, मूठ सोड. यमुना म्हनाली, मारा मला, नाय सोडनार, कागद येऊ दे. संध्याकाळपर्यंत ती पोर तशीच बसली होती पाटावर, बोटं पांढरी पडलेली. शेवटी तिच्या बापानंच तुळिंजला निरोप पाठवला की मुहूर्त चुकला, पुढं बघू.

दोन लगनसराया मला कोनी दारात उभं केलं नाय. सिसिलबाई पन मलाच ओरडल्या, म्हनाल्या, चारचौघांत बोलतात का असं, पोराची लाज काढलीस, उद्या दुसरा कोनी भीतीनं दवाखान्यात येनार नाय. मी म्हनलं, बाई, पोराची लाज की पोरीचं रक्त, मला त्या वेळी एकच वाचवता येत होतं. पन त्यांचं चुकीचं नव्हतं, ते मला टोचत राहिलं, आज पन टोचतं.

त्या मांडवानंतर पंधराच दिवसांनी भर दुपारी दामू माझ्या ओट्यावर येऊन बसला. मला वाटलं मारायला आला. तर मान खाली घालून म्हनतो, मावशी, जखम तर बुजली होती. मी म्हनलं, माझ्या नवऱ्याची पन बुजली होती. आनि त्याला आमची दोन पोरं सांगितली. तो रडायला लागला, म्हनाला, हे आमाला आधी कोनी का नाय सांगितलं? मी त्याला हात धरून दवाखान्यात नेलं. रक्तात निघालंच. सुया घेतल्या, सांगितलं तेव्हा परत रक्त दिलं, आनि मग त्यानंच गोदीतल्या आपल्या दोस्तांना गोळा केलं, पंधरा-वीस जन, मिठागरावरच्या शेडमधी. नर्सबाई येनार म्हटल्यावर निम्मे उठले, दामू दारात आडवा उभा राहिला, म्हनाला, कोनी कापायला येत नाय, बसा. सिसिलबाईंनी निरोध कसा वापरायचा ते दाखवायला माझ्याकडनं बांगड्या ओवायचा लाकडी दांडा मागून घेतला. पोरं हसून हसून लोळली. बाई म्हनाल्या, हसून झालं? आता एकेकानं करून दाखवा. मग कोनी हसलं नाय, आनि मग प्रश्न विचारायला लागले ते संपेनात. वैदूचा पाला, लिंबू, कोऱ्या पोरीशी लगीन, काय काय डोक्यात भरलेलं.

वैशाखात लगीन लागलं. यमुनेच्या बापानं मला बोलावलं नाय ते नायच. तर पोर स्वतः बायांना घेऊन चालत माझ्या दारात आली, डॉक्टरचा कागद माझ्या पुढ्यात ठेवला. मला कुठं वाचता येतंय, पन मी तो दोन्ही बाजूंनी बघितला. मग हात घेतला, इतका ढिला हात मी आयुष्यात दाबला नाय. पुढं तिला मुलगा झाला तेव्हा मी दवाखान्याबाहेर उभी होती, ते पोर आत असं किंचाळून रडलं की मी तिथंच भिंतीला टेकून बसली. माझी दोन रडलीच नव्हती.

आता सिसिलबाई रिटायर झाल्या, नवीन एक रोग आलाय म्हनतात, त्याला सुईच नाय. मग तर जास्तच बोललं पायजे. काय घरं मला अजून बोलवत नाय, नका बोलावू. दामूची आई रस्ता बदलते, बदलू दे. तुळिंजच्या बाजारात पोरं कागदवाली मावशी आली म्हनून वरडतात, मी म्हनते, आली, ये इकडं, पाकीट घेऊन जा. चुडा भरून झाला की नवरी पाया पडते, तिला मी अखंड सौभाग्यवती म्हनते, रीत आहे. पन मग मी नवऱ्यामुलाला पन बोलावते, वाकायला लावते, आनि त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, सुखी राहा बाबा, आनि कधी चुकलास तर हिच्याजवळ जायच्या आधी माझ्याकडं ये, मी शिव्या देनार नाय, दवाखान्यात नेईन. आतापर्यंत एकानं पन माझा हात झटकलेला नाय.