स्लॅबवरची वाकळ

क्रांती : पण आण्णा, हे असलं सुरू केलं कुनी? आधी ते सांगा.

नाथाजी : सुरू कोन कशाला करतंय? तुझा पणजा पलटणीत निघाला, तवा घर एकदा बघावं म्हनून या खडकावर चढला. बघतोय तर पणजीनं छपरावर वाकळ टाकलेली. तवापास्नं गावातलं जे कोन फौजेत निघतंय, ते जायच्या सकाळी हितं येऊन घर बघून जातंय. आन घरची बाई वाकळ वाळत टाकती. पाय उचल, मिरजेची यष्टी अकराला हाय.

क्रांती : बाई म्हंजे बायकोच लागती का? आई चालती?

नाथाजी : जिचा जीव अडकलाय ती. आई काय, बहीण काय.

क्रांती : आणि निघताना कुठली मुलगी चढली हुती का हितं?

नाथाजी : तू पहिलीच. म्हनून तर तुझ्या आईचं डोस्कं फिरलंय.

क्रांती : आठ दिवस झालं, माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती, सरकवती, आत जाती. भरतीचा निकाल लागला तवा सगळ्या गल्लीनं पेढं खाल्लं, हिनं हातसुद्धा लावला न्हाई.

नाथाजी : तिचं पन बरोबर हाय गं. बावीस वर्षं मी फौजेतनं पाव्हण्यागत यायचो. आता कुठं रोज घरात दिसाय लागलो, तर तू निघालीस.

क्रांती : आपण खडकावर चाललोय, हे सांगितलंय का तिला?

नाथाजी : न्हाई.

क्रांती : आवं आण्णा! मग तिला कळायचं कसं?

नाथाजी : सांगायचं नसतंय. सांगून टाकलेली वाकळ काय कामाची? तिला वाटलं तर टाकंल.

क्रांती : आणि न्हाई वाटलं तर?

नाथाजी : तर तसंच जायचं. रिपोर्टिंगची तारीख थांबती व्हय? हिकडनं ये. घाणेरीत हात घालू नगं, काटं हायत.

क्रांती : तुमच्या येळेला आईची वाकळ कवा चुकली का?

नाथाजी : एकदा बी न्हाई. एकदा तिला सणकून ताप हुता. मी म्हनलं, आज काय दिसत न्हाई. तर वाकळ टाकलेली, आन तिथंच टाकीला टेकून बसलेली बया.

क्रांती : थांबा, थांबा. हे काय लिवलंय? 'ग्रॅनाइट पॉइंट'?

नाथाजी : फिराय येनाऱ्यांसाठी बोर्ड लावलाय. नाव भारी वाटाय पायजे ना.

क्रांती : पण हा ग्रॅनाइट न्हाईच! हा बेसॉल्ट. आपल्याकडं सगळा बेसॉल्टच.

नाथाजी : मला काय सांगतीस? कर्नाटकात दोन वर्षं ग्रॅनाइटवर कवायत केलीया. त्यो ठिपक्या-ठिपक्याचा. ह्यो आपला काळा फत्तर.

क्रांती : मग बोर्ड रंगवणाऱ्याला सांगायचं की!

नाथाजी : सांगितलं. म्हनला, काका, रंग संपला.

(दोघं खडकाच्या टोकावर येतात. खाली गाव, द्राक्षबागा, उसाचे पट्टे.)

क्रांती : आई गं! केवढं दिसतंय! तो तासगावचा रस्ता ना? आणि धूर निघतोय तो कशाचा?

नाथाजी : गुऱ्हाळ आसंल. घर बघ आधी.

क्रांती : बघतीया. आप्पासोंचं निळं पत्रं... त्याच्या पलीकडं आपलं. आण्णा...

नाथाजी : काय?

क्रांती : स्लॅबवर काय न्हाई.

नाथाजी : नीट बघ. मी चष्मा इसरलोय.

क्रांती : नीटच बघतीया. टाकी हाय, बास. दोरीवर टॉवेलसुद्धा न्हाई.

नाथाजी : बसू जरा. भाकरी टाकत आसंल. टाकंल मागनं.

क्रांती : फोन करू?

नाथाजी : न्हाई.

क्रांती : नुसतं 'काय करतीस' एवढंच इचारते.

नाथाजी : क्रांते, न्हाई म्हनलं ना.

क्रांती : मला लय रडू येतंय आण्णा. बोलली न्हाई तरी टाकंल, असं वाटत हुतं. खात्रीच हुती माझी.

नाथाजी : मला बी हुती गं.

क्रांती : चला उतरू. नको बघायला... आण्णा, आपलं दार बंद कसं? दिवसा आपलं दार कवा बंद असतंय?

नाथाजी : मळ्यात गेली आसंल.

क्रांती : मळ्याची वाट हितनं सगळी दिसती. कुनी न्हाई तिथं. आणि आज कशाला जाईल ती मळ्यात? ...आण्णा, फाट्यावर बघा! यष्टीच्या शेडमधी!

नाथाजी : मला काय दिसतंय? तू सांग.

क्रांती : कोन तरी बाई बसलीया. हिरवी साडी. आईच हाय ती! माझी ट्रंक घेऊन... ट्रंकंवरच बसलीया. एकटीनं नेली कशी? मला तर जागची हलत नव्हती!

नाथाजी : किती वाजलं?

क्रांती : सव्वानऊ. अकराच्या यष्टीला आत्तापास्नं काय करतीया तिथं? आण्णा?

नाथाजी : बावीस वर्षांत मला एकदा बी फाट्यापतोर सोडाय आली न्हाई गं. म्हनायची, यष्टी हललेली माझ्यानं बघवत न्हाई.