एका वजनाला एकच गडी

आयोवातल्या शालेय कुस्त्यांच्या तिकिटाला रांग लागली होती. माझ्यापुढं दोन म्हातारे भाऊ.

"राज्यातला आजवरचा सगळ्यात भारी शाळकरी पैलवान म्हणजे लेलँडच, दादा. चार वर्षं, चारही वेळा अजिंक्य."

"मला विचारशील तर तू, आर्लो."

"मी तर शाळेच्या संघातही नव्हतो. अजिंक्य झालास तू."

"एका वजनाला एकच गडी घ्यायचे, म्हणून. निवडीच्या कुस्तीत माझा पाय तुझ्या मिठीत होता. का सोडलास?"

"निसटला."

"तुझ्या हातून कधी वासरू निसटलं नाही."

"तुझं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं, दादा. माझं अजून एक होतं."

"आणि त्या वर्षी तुझा गुडघा गेला."

"ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? सरक पुढं, रांग हलली."